वाण राखणे

‘गावठी’ या शब्दात मातीशी असलेल्या जन्मजात नात्याचा दावा असतो. परंतु माझ्या गच्चीवरील गावठी टोमॅटोच्या बाबतीत तो दावा टिकत नाही. या फळाचे मूळ दक्षिण अमेरिकेत. पोर्तुगिजांमार्फत ते भारतात आले. वऱ्हाडाने त्याला ‘भेदरे’ म्हटले आणि ते आपले झाले. मी ते ज्या नोएडात लावतो, ते शहरही १९७६ साली वसवलेले. येथील बहुतेक रहिवासी, मी धरून, अन्यत्रचेच. मग एखादी गोष्ट आपली होते ती कशाने?

संकरित टोमॅटोचे बी पुन्हा पेरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. म्हणून दरवर्षी दुकान गाठावे लागते. गावठी टोमॅटो बहुधा स्वपरागित असल्याने आईचे गुण लेकीत उतरतात. मात्र त्यासाठी हंगामातील उत्तम फळ खायचे नसते. ते झाडावरच पूर्ण पिकू द्यायचे, गर दोन-तीन दिवस आंबवायचा, बी धुऊन सावलीत सुकवायचे. एका चैत्रात मला हा संयम राखता आला नाही. आत्याने वऱ्हाडातून दिलेल्या वाणाचे बियाण्यासाठी राखलेले अखेरचे फळ मी मिठाशी खाल्ले. पुढे वैशाखाच्या उन्हात फुले फळ न धरताच गळाली. फळ माझेच होते, चोरी घडली नव्हती. तरीही अपराध घडला होता. कारण त्यातील बी माझे नव्हते.

वाण वाचले ते माझ्या पुण्याईने नव्हे. आदल्या वर्षी मैथिल शेजाऱ्यांना सहज दिलेले चिमूटभर बी त्यांच्या कुंडीतून माझ्याकडे परत आले.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक वाणांची बियाणे-बँक उभारली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी राखावे आणि वाटावे, हेच त्या कार्याचे सूत्र. २००१ च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. परंतु हक्क असूनही फळ खाऊन टाकणाऱ्याला कायदा काय सांगणार?

मराठीत ‘वाण’ म्हणजे बियाण्याची जात, आणि संक्रांतीला एका स्त्रीने दुसरीला द्यावयाची वस्तूही. व्युत्पत्तीने हे शब्द भिन्न असतील. आचारात ते एकच ठरतात. वारसा ज्याच्या हाती येतो, तो त्याचा केवळ एका हंगामापुरता पालक असतो. यंदाच्या बियाण्याची एक पुडी मी प्रथम शेजारी पोहोचवली, मग उरलेले पेरले.