मारणारा हात आणि पाहणारा डोळा

मुलास मारण्याचा आईबापांना अधिकार आहे काय, असें विचारलें कीं पुष्कळ सुशिक्षित गृहस्थही हसतात. ‘आम्ही मार खाऊनच शहाणे झालों,’ हें उत्तर ठरलेलें असतें. ‘श्यामची आई’तील माउलीनेंही पोहण्यास भिणाऱ्या श्यामला मारलें होतें, याची ते आठवण देतात. परंतु त्या माउलीच्या थोरवीचें श्रेय तिच्या हातांतील शिंपटीस देणें म्हणजे दिव्याच्या उजेडाचें श्रेय काजळीस देणें होय.

‘हेतु चांगला होता’ हा बचाव पुरेसा मानला तर जगांत क्रूर असा कोणी उरणारच नाहीं. कारण हेतु सांगणाराही तोच आणि निवाडा देणाराही तोच. हाताखालचा कारकून चुकला तर आपण त्याच्या थोबाडींत देत नाहीं. तो फिर्याद करील, हें आपण जाणतों. मुलावर हात उठतो तो त्याचा अपराध मोठा म्हणून नव्हे, तें असहाय म्हणून. २००७ सालच्या केंद्र सरकारच्या पाहणींत शेंकडा ६९ मुलांनीं मार सोसल्याचें सांगितलें. घरांत मार खाल्लेल्यांपैकीं शेंकडा ८८ हून अधिकांस मारणारे आईबापच होते.

अंधेरी-बोरिवली, मुलुंड-घाटकोपर येथील कित्येक आईबाप सकाळच्या लोकलनें कामावर गेले कीं मूल दिवसभर परक्या हातीं असतें. नव्या मुंबईंत खारघरच्या एका पाळणाघरांत दहा महिन्यांच्या बालिकेस झालेली मारहाण २०१६ सालीं कॅमेऱ्यामुळें उघड झाली. सर्वत्र कॅमेरा कोठून असणार? तेथें पाहणारा डोळाच हवा. धांवत्या मुलाचा गुडघा फुटणें स्वाभाविक आहे. परंतु कान, मान, पाठ वा मांड्या यांवरील वळ, न रांगणाऱ्या तान्ह्याच्या अंगावरील काळेंनिळें डाग, आणि दर खेपेस बदलणारी हकीकत, हीं चिन्हें निराळें सांगतात.

अशा वेळीं ‘दुसऱ्याच्या घरांत आपण कशाला पडा?’ हा सभ्यपणा नव्हे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें, ताब्यांतील मुलास मारहाण करणें हा कैदेस पात्र गुन्हा ठरविला आहे. मुलांसाठीं १०९८ या क्रमांकाची दूरध्वनि-सेवा तर १९९६ सालीं मुंबईंतच जन्मली. परंतु शेजाऱ्याचें पहिलें कर्तव्य याहून सोपें आहे. थकून चिडलेल्या आईजवळून तिचें रडतें मूल घटकाभर मागून घ्यावें. उगारलेला हात पुष्कळदां तेवढ्यानेंच खालीं येतो. आणि तेवढ्यानें न येईल तर त्या मुलाकरितां बोलणें आपणांस भाग आहे, कारण त्याला स्वतःला बोलतां येत नाहीं.