खेळाची फाईल उघडी असावी

‘जीटीए व्हाइस सिटी’ या २००३ साली संगणकावर आलेल्या खेळाच्या फोल्डरमध्ये ‘हँडलिंग’ नावाची एक साध्या मजकुराची फाईल आहे. नोटपॅडमध्ये ती उघडली की खेळातल्या प्रत्येक वाहनासाठी एक ओळ दिसते. वजन किती, चाकांची पकड किती, गिअर किती, कमाल वेग किती, असे नुसते आकडे. मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवायची, एखाद्या मोटारीच्या ओळीतला आकडा बदलायचा, सेव्ह करायचे आणि खेळ पुन्हा सुरू करायचा. वजन भलतेच कमी केले तर धडक बसताच तीच मोटार खेळण्यासारखी उडते. सायबर कॅफेत मोठ्या झालेल्या पिढीला हा उद्योग चांगला ठाऊक आहे.

या उद्योगाला आपल्याकडे एक तर पोरखेळ म्हणतात, नाही तर चोरी. मला दोन्ही मान्य नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे झाकण उघडून आत पाहावे आणि आपल्यापुरता बदल करावा, हा ग्राहकाचा हक्क आहे. आणि तो फारशी चर्चा न होता हातचा निघून चालला आहे.

एके काळी खेळ बनवणाऱ्यांनीच हे दार उघडे ठेवले होते. ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’मध्ये हौशी मंडळी मूळ फाईलींवरच आपले बदल चढवत. ते पाहून जॉन कार्मॅक यांनी १९९३च्या ‘डूम’मध्ये नकाशे, चित्रे आणि आवाज मुख्य प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाईलीत ठेवले. मूळ खेळाला धक्का न लावता कोणीही आपली फाईल जोडू शकत असे. पुढे ‘हाफ-लाइफ’ या खेळात असेच बदल करून दोन हौशी तरुणांनी १९९९मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ उभा केला आणि वर्षभरात मूळ कंपनीने तो विकतच घेतला. उघड्या फाईलीने कंपनीचे दिवाळे निघते म्हणणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण तरी पाहावे.

आपल्याकडचे उदाहरण ‘क्रिकेट ०७’चे. हा खेळ २००६च्या अखेरीस आला आणि त्यानंतर ईए कंपनीने क्रिकेटची ही मालिकाच बंद केली. आयपीएल सुरू झाली २००८मध्ये. विराट कोहलीचे आंतरराष्ट्रीय पदार्पणही त्याच वर्षीचे. म्हणजे मूळ खेळात यांतले काहीच असणे शक्य नव्हते. तरीही नव्या हंगामाचे संघ, नव्या जर्सी, नवे चेहरे त्यात येत राहिले, कारण चाहते खेळाडूंच्या याद्या आणि जर्सींच्या चित्रांच्या फाईली बदलून एकमेकांना देत राहिले. संघांची बोधचिन्हे परवानगीवाचून वापरली जातात, हे खरेच. त्याचे समर्थन मी करणार नाही. पण कंपनीने वाऱ्यावर सोडलेला खेळ जिवंत ठेवला तो या मंडळींनी.

दुसरा किस्सा मला अधिक बोलका वाटतो. ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ हा खेळ २०१३मध्ये आला आणि त्यातले परग्रहवासी इतके बावळट निघाले की त्याची यथेच्छ टिंगल झाली. २०१८मध्ये लोकांच्या लक्षात आले की गोम एका साध्या सेटिंगच्या फाईलीत आहे. ‘टेदर’ या इंग्रजी शब्दात एक ‘ए’ हे अक्षर जास्तीचे पडले होते. त्यामुळे कोणत्या शत्रूने कुठला भाग धरून राहायचे, कुठून घेरायचे, हे सांगणारी आज्ञा पोहोचतच नव्हती. ते अक्षर खोडले आणि शत्रू पुष्कळ शहाणा झाला. खेळाच्या साऱ्या उणिवा तेवढ्याने भरून निघाल्या नाहीत. पण पाच वर्षे राहिलेली चूक दुरुस्त करता आली, ती फाईल ग्राहकाच्या डिस्कवर होती आणि वाचता येत होती म्हणून.

आता आक्षेपांकडे वळू. ऑनलाइन सामन्यात फाईल बदलून भिंतीपलीकडचा प्रतिस्पर्धी पाहणे ही सरळ लबाडी आहे. तिथे समोर दुसरा माणूस असतो आणि नियम दोघांनी मान्य केलेले असतात. हा प्रश्न माझ्या लेखी वादाचाच नाही. धंद्याचा प्रश्न मात्र खरा आहे. अमेरिकेत ‘मायक्रो स्टार’ या कंपनीने ‘ड्यूक न्यूकेम ३डी’साठी चाहत्यांनी बनवलेले ३०० नकाशे सीडीवर भरून विकायला काढले. त्या नकाशांत मूळ खेळाचे एकही चित्र नव्हते, होत्या फक्त सूचना. तरीही १९९८मध्ये अपिलाच्या न्यायालयाने ते बेकायदा ठरवले, कारण ते त्याच नायकाच्या पुढच्या कथा सांगत होते. निकाल मला पटतो. चाहत्यांनी फुकट वाटलेल्या श्रमावर तिसऱ्यानेच गल्ला भरायचा, याला हौस म्हणत नाहीत.

या दोन टोकांमध्ये उरतो आपल्या घरचा, आपल्यापुरता केलेला बदल. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात त्याला जागा आहे. कलम ५२(१)(एडी) नुसार, कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून स्वतःच्या, बिगरव्यापारी वापरासाठी संगणक प्रोग्रॅममध्ये फेरफार करणे हा हक्कभंग ठरत नाही. खेळातली चित्रे आणि संगीत ‘प्रोग्रॅम’मध्ये मोडतात का, यावर वकील वाद घालू शकतील. आकडे बदलण्याबाबत तो वाद फारसा टिकू नये.

पण कायद्याने दिलेले तंत्रज्ञान काढून घेते आहे. २०१४चा ‘द क्रू’ हा मोटार-शर्यतीचा खेळ एकट्याने खेळायलाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी लागत असे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांच्या हाती खेळता येण्याजोगे काही उरले नाही. म्हणून मागणी एवढीच: सर्व्हर बंद करताना खेळ ग्राहकाच्या संगणकावर चालेल अशी सोय करून देणे कंपन्यांना बंधनकारक असावे. आणि पुढचा खेळ घेण्याआधी तो इंटरनेटवाचून सुरू होतो का, एवढे वाचकांनी विचारून घ्यावे.