एकशे पाच ग्रॅम

मुंबईत घरोघर फिरून 1217 गरोदर बायकांची नोंद घेतली गेली होती. कुणाला तिसरा महिना, कुणाला सातवा. मशेरी लावता का, तंबाखू खाता का, हे त्यांना विचारलं आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा माग ठेवला. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांचा हा अभ्यास 2004 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. घरची परिस्थिती, आईची तब्येत हे सगळं हिशेबात धरूनही मशेरी-तंबाखूवाल्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली, आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली.

105 ग्रॅम म्हणजे एक मध्यम कांदा. साडेतीन किलोच्या बाळाला तेवढ्याने काही होत नाही. पण आपल्या खेड्यातलं बाळ साडेतीन किलोचं असतं कुठे? पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोच्या आसपास भरली, आणि त्यांच्या आयांचं दिवस जाण्याआधीचं वजन बेचाळीस किलोच्या आत-बाहेर. जागतिक आरोग्य संघटनेने कमी वजनाची रेघ ओढली आहे अडीच किलोवर. रेघेच्या इतक्या जवळ उभ्या असलेल्या बाळांमध्ये कांदाभर वजन गेलं, की त्यातली कितीतरी पलीकडे जातात. देशात वजन केलेल्या दर शंभर बाळांतली अठरा पलीकडे होती, असं 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं.

मशेरीत असतं काय? तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, कुटून केलेली पूड. दात घासायची म्हणून ती हिरड्यांना लावतात, आणि लावून बराच वेळ तशीच ठेवतात. निकोटिन हिरडीतून रक्तात जातं, रक्तातून वारेपर्यंत पोचतं आणि ती ओलांडून बाळापर्यंत. रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला जाणारा पुरवठा आटतो. धूर नाही, थुंकीचे लाल डाग नाहीत, त्यामुळे घरात हिला कुणी व्यसन म्हणतच नाही. 'आमच्या आजीने जन्मभर मशेरी लावली, दहा बाळंतपणं झाली तिची,' हे वाक्य तर ठरलेलंच. त्या दहातली जगली किती, हे मात्र सांगणारा सांगत नाही.

इथपर्यंतचं आता आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यांना पाठ आहे. आशाताई विचारते, 'मशेरी लावता का?' शेजारी सासू उभी असते, आणि मशेरीचा तवा बहुतेक घरांत तिचाच असतो. सून मान हलवते, 'नाही.' कार्डावर 'नाही' लिहिलं जातं. पुढे बाळ दोन किलो भरलं, की तीच सून गुन्हेगार ठरते: जेवत नव्हती, ऐकत नव्हती, लपून लावायची.

मला हा निवाडा खोटा वाटतो. आईला धोका सांगूच नये, बिचारीला अपराधी वाटेल, असं म्हणणारी दयाळू माणसंही मला पटत नाहीत. खरं कळण्याचा तिचा हक्क आपण आपल्या दयेपोटी हिरावून घेऊ शकत नाही. प्रश्न आहे तो खरं सांगून झाल्यावर आपण हात झटकतो त्याचा. ती मशेरी का लावते, हे कुणी विचारतं का? बायका स्वतः सांगतात ती कारणं साधी आहेत. लावली नाही तर सकाळी पोट साफ होत नाही, डोकं धरतं, काम उरकत नाही. आणि भूक मरते. घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईला भूक मेलेली परवडते. त्यात 'जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, सुटका अवघड जाईल' हा सल्ला अजूनही अनेक घरांत दिला जातो. त्याच सहा गावांच्या अभ्यासात पालेभाज्या, फळं, दूध ज्यांच्या पोटात गेलं त्यांची बाळं भरीव निघाली, आणि ज्या बायकांना शेतात-घरात जड काम जास्त होतं त्यांची बारीक. यातलं किती त्या बाईच्या हातात असतं?

न्यूयॉर्कचं एक उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. तिथल्या गरीब वस्त्यांत झुरळं मारायला क्लोरपायरिफॉस फवारत. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं, की नाळेच्या रक्तात हे औषध जितकं जास्त तितकं बाळ वजनाला आणि लांबीला कमी. 2000 साली अमेरिकेने त्याचा घरगुती वापर बंद करायचं ठरवलं. 2001 पासून जन्मलेल्या बाळांच्या रक्तातलं प्रमाण खूप घटलं आणि तो संबंध दिसेनासा झाला. वजनातली ही तूट आयांना उपदेश करून भरून निघाली नव्हती. सरकारने बाटलीच घरातून काढून घेतली होती. आपल्याकडे हेच औषध शेतात आजही फवारलं जातं, आणि फवारलेल्या पिकात खुरपायला बहुतेक बायाच असतात.

एक गोष्ट काढली की सगळं सुधारतं, असंही नाही. भारत (तमिळनाडू) धरून चार देशांत सुमारे 3200 गरोदर बायकांवर झालेल्या एका चाचणीत अर्ध्या घरांना चुलीऐवजी गॅस दिला. चुलीचा धूर कमी झाला, पण 2022 मध्ये निकाल आला तेव्हा बाळांच्या वजनात म्हणावा असा फरक नव्हता. गॅस द्यायलाच हवा, आईच्या फुप्फुसांसाठी तरी. पण बाळाचं वजन एका सिलिंडरवर वाढत नाही.

मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईकडे पाहिलं तर यातलं सगळं एका जागी सापडतं. तोंडात मशेरी, पाचटाचा धूर, डोक्यावर उसाची मोळी, कोपीत अपुरं अन्न. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांच्या नावावर एक उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम. एक दिवस अंग टाकलं तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, आणि तो मजुरीतून कापला जातो. बीड जिल्ह्यात या बायकांनी मोठ्या संख्येने गर्भपिशव्या काढून घेतल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या तेव्हा आपण हळहळलो होतो. सातव्या महिन्यात मोळी उचलणाऱ्या बाईला 'मशेरी सोड' एवढंच सांगायचं आणि खाड्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, याला मी आरोग्यशिक्षण म्हणणार नाही.

हंगामाच्या आधी मुकादम आणि कारखान्यांचे करार होतात. गरोदर बाईला खाडा लागणार नाही, सहाव्या महिन्यानंतर मोळी उचलायची नाही आणि तिच्या वाट्याची मजुरी कापली जाणार नाही, एवढी अट त्यात घालायला नवा शोध लागत नाही. हे वाचणाऱ्यांत कारखान्यांचे संचालक असतील, सभासद तर नक्कीच असतील. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडा.