अडतीस सेंटिमीटरची सावली

दहावीच्या उदाहरणांतली शिडी भिंतीला टेकते ती बहुधा 30, 45 नाहीतर 60 अंशांतच. खऱ्या शिड्या इतक्या आज्ञाधारक नसतात. म्हणून अज्ञात कोनाचं खरं गणित पुस्तक मिटल्यावर सुरू होतं.

21 मार्चच्या सुमारास, दिवस-रात्र समान असताना, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावच्या एखाद्या रिकाम्या बांधीत एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करावी. धानाला पाणी सारखं लागावं म्हणून बांधी मुळातच सपाट केलेली. काटकोन जवळजवळ आयताच मिळतो. घड्याळातल्या बारावर न विसंबता सावली सर्वांत आखूड होते तो क्षण पकडावा. ती भरेल सुमारे 38 सेंटिमीटर. काठी आणि सावली या काटकोनाच्या बाजू, ऊन हा कर्ण. काठीच्या टोकाशी जो कोन होतो त्याचा टॅन 0.38. आता प्रश्न उलटा विचारायचा: 0.38 हा टॅन कोणत्या कोनाचा? उत्तर येतं सुमारे 20.8 अंश, आणि तोच या गावाचा अक्षांश.

आपल्या ज्योतिषगणिताला ही सावली जुनीच ओळखीची. बारा अंगुळांच्या शंकूची विषुवदिनी माध्यान्ही पडणारी सावली म्हणजे पलभा. इथली पलभा साडेचार अंगुळांहून किंचित जास्त. काठी मीटरची घ्या की अंगुळांची, गुणोत्तर तेच राहतं, म्हणून कोनही तोच. आर्यभटाने 499 च्या सुमारास ‘ज्या’ची, म्हणजे आजच्या साइनची, 24 पदांची सारणी रचली. कोनावरून ज्या सांगणारी सारणी उलट वाचली की ज्येवरून कोन मिळतो. कॅल्क्युलेटरचं बटण आज हेच उलटं वाचन करतं.

गुणोत्तर लहानमोठं पाहत नाही, पण हयगयही खपवून घेत नाही. सावली 38 ऐवजी 39 वाचली, तर कोन अर्ध्या अंशाने वाढतो आणि आपण बसल्या जागी 50 किलोमीटरहून जास्त उत्तरेला, गोंदिया शहराच्या वाटेवर पोचतो. त्रिकोणांनी जमीन मोजणाऱ्या विल्यम लॅम्टनने सुमारे अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचं यंत्र, दक्षिण भारतभर वाहून नेलं ते कोनातली अशीच चूक कमी करण्यासाठी. 1823 साली वर्धेजवळच्या हिंगणघाटला तो वारला, तेव्हाही मोजणी चालूच होती.

त्याचा त्रिकोण आणि बांधीतला त्रिकोण नियमाने एकच. फरक फक्त सावलीच्या टोकाशी किती वाकून पाहिलं, एवढाच.