कावळा शिवण्याआधी

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला की सगळे मागे सरून उभे राहतात. समोरच्या पिंपळावर कावळे असतात. एखादा खाली उतरतो, मान वाकडी करून बघतो आणि पुन्हा वर जाऊन बसतो. पाच मिनिटं होतात, पंधरा होतात, ऊन चढू लागतं. मग कुजबुज सुरू होते, "काहीतरी राहिलंय मनात." थोरला मुलगा पुढे होतो आणि हात जोडून पिंडाला सांगतो, "नाना, धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, मी बघतो." तरीही शिवला नाही तर सोसायटीचं कर्ज, जमिनीची वाटणी, आईकडे कोण बघणार, असं एकेक बाहेर निघतं. कधीतरी कावळा शिवतो. नाहीच शिवला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून वेळ निभावून नेतात.

या गर्दीत मागे एखादा नास्तिक असतोच. बहुतेक वेळा तो मी असतो. परत येताना रिक्षात कोणीतरी म्हणतं, "तुमचं बरं आहे. देवच मानत नाही, मग मरणाची कसली भीती!" त्या बोलण्यात थोडा हेवा असतो आणि थोडी कीवही.

मला त्या वाक्यातलं 'मग' खटकतं. देव नाही म्हटलं म्हणजे मरणाची भीती गेली, असं आपोआप होत नाही. या दोन गोष्टींची गाठ पडायला फार काळ लागला, आणि ती गाठ कशी पडली हे आपल्याकडे 'नास्तिक' या शब्दाच्या प्रवासातच दिसतं.

पाणिनीने एका सूत्रात आस्तिक आणि नास्तिक हे शब्द कसे घडतात ते सांगितलं आहे. त्यावरच्या वृत्तीकारांनी अर्थ लावला तो असा: परलोक आहे असं ज्याला वाटतं तो आस्तिक, तो नाही असं ज्याला वाटतं तो नास्तिक. यात देवाचा पत्ताच नाही. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा नास्तिक ठरतो, म्हणजे तिथेही कसोटी देवाची नाही. आज आपण ज्या अर्थाने हा शब्द वापरतो, तो अर्थ सर्वांत शेवटी रुळला. आणि तसं असण्याला कारण होतं. मीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानत नसत, तरी यज्ञाने स्वर्ग मिळतो यावर त्यांचा भरवसा. जैनांनाही कर्ता ईश्वर मान्य नाही, पण कर्म, पुनर्जन्म आणि खाली एकाखाली एक सात नरकभूमी मान्य आहेत. न्यायाधीशाची खुर्ची रिकामी, शिक्षा मात्र चालूच. असा निरीश्वरवादी मरणाला आस्तिकाइतकाच वचकून असणार. मरणाची भीती देवाला बांधलेली नव्हतीच, ती परलोकाला बांधलेली होती. ते कोर्टच बंद करणारे लोक आपल्याकडे एकच, लोकायत किंवा चार्वाक. त्यांचे मूळ ग्रंथ जवळजवळ सगळे हरवले आणि विरोधकांनी सांगितलं तेवढंच उरलं. त्यामुळे चार्वाक म्हटलं की आपल्याला फक्त उधारीचं तूप आठवतं. एका विचारपरंपरेची याहून वाईट थट्टा कोणी केली नसेल.

तुपापेक्षा मला पायासी आवडतो. बौद्धांच्या दीघनिकायात त्याच्या नावाचं सुत्त आहे. कोसलातल्या सेतव्या नगरीचा हा अधिपती म्हणतो, परलोक नाही, आणि तो म्हणतो ते पडताळून बघून. मरायला टेकलेल्या पापी नातेवाइकांना त्याने सांगून ठेवलं होतं की नरकात गेलात तर येऊन मला कळवा. पुण्यवानांनाही सांगितलं होतं की स्वर्गात गेलात तर कळवा. दोघंही कबूल झाले होते, पण परत कोणी आलं नाही. मग त्याने देहान्ताची शिक्षा झालेल्या चोराला जिवंतपणी रांजणात घातलं, तोंडावर ओलं कातडं ओढलं, वरून मातीने लिंपलं आणि रांजण चुलीवर चढवला. चोर मेल्याची खात्री झाल्यावर हळूच तोंड उघडून पाहिलं, जीव बाहेर पडताना दिसतो का म्हणून. दिसला नाही. दुसऱ्याला जिवंत असताना तोललं आणि मेल्यावर पुन्हा तोललं. हे क्रूर आहे, वाचताना अंगावर काटा येतो. पण प्रश्न विचारायची ती रीत ओळखीची वाटते. सुत्तातला भिक्खू कुमार कस्सप त्याला दृष्टान्तांनी उत्तरं देतो. फाशीच्या वाटेवरच्या चोराला घरी निरोप द्यायला कोणी सोडतं का? आणि देवलोकातला एक दिवस म्हणजे आपली शंभर वर्षं, तिथे गेलेला माणूस जरा दोन-तीन दिवस थांबून येईन म्हणाला तर तू असशील का? शेवटी पायासी हरतो. सुत्त बौद्धांचं, त्यामुळे तो हरणारच. मला त्याचं एक कबूल करणं मात्र खरं वाटतं. मत पटकन सोडवत नाही, तो सांगतो, कारण इतर राजे हसतील.

परलोक नाही इथवर पायासी आला, पण मग मरणाचं काय, हे त्याने विचारलं नाही. ते विचारलं ग्रीसमध्ये एपिक्युरसने, इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास. गंमत म्हणजे तो देव मानत असे. त्याचे देव अणूंचेच बनलेले, सुखात लांब कुठेतरी राहणारे, आणि माणसाच्या पाप-पुण्याशी काही देणंघेणं नसलेले. त्याने देव नाकारला नाही, देवाची नोकरी काढून घेतली. मरणाबद्दलचं त्याचं म्हणणं साधं होतं. चांगलं-वाईट जे काही आहे ते जाणिवेत आहे, आणि मरण म्हणजे जाणीवच संपणं. म्हणून आपण असतो तेव्हा मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो. रोमन कवी ल्युक्रेशियसने त्यात भर घातली. जन्माआधी केवढा काळ लोटला, त्या काळात नव्हतो म्हणून आपल्याला काही दुखलं का? मग पुढचा काळ का दुखावा? त्याचं काव्य मध्ययुगात जवळजवळ हरवलं होतं. १४१७ मध्ये पोज्जो ब्राचोलिनी या इटालियन विद्वानाला त्याची एक प्रत सापडली आणि ते पुन्हा वाचलं जाऊ लागलं.

७ जुलै १७७६ रोजी एडिंबरोत जेम्स बॉस्वेल मरणाच्या दारात असलेल्या डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाला भेटायला गेला. पोटाच्या आजाराने ह्यूम पार खंगला होता. बॉस्वेल सरळ हेतूने गेला नव्हता. शेवटच्या घडीला तरी हा माणूस डगमगतो का, ते त्याला बघायचं होतं. परलोक असण्याची शक्यता तरी मानाल का, त्याने विचारलं. ह्यूमने कोळशाचा दाखला दिला: निखाऱ्यावर टाकलेला कोळसा पेटणार नाही, हेही शक्य आहेच की. आपण उरणारच नाही या विचाराने अस्वस्थ होत नाही का, असंही विचारून झालं. त्यावर ह्यूमने ल्युक्रेशियसच काढला. जन्माआधी नव्हतो, त्याचं जेवढं वाटतं तेवढंच. बॉस्वेल घरी गेला तो स्वतःच हादरून. ह्यूम २५ ऑगस्टला गेला. त्याच्या शांत अखेरीबद्दल ॲडम स्मिथने एक पत्र प्रसिद्ध केलं आणि स्मिथवर शिव्यांचा पाऊस पडला. त्याने पुढे नोंदवून ठेवलं आहे की ब्रिटनच्या सगळ्या व्यापारनीतीवर हल्ला केला त्यापेक्षा या निरुपद्रवी पत्राने दसपट शिव्या मिळवून दिल्या. लोकांना ह्यूमच्या मतांपेक्षा त्याच्या शांतपणाचा राग आला असावा. शेवटच्या घडीला नास्तिक डगमगतोच, ही धमकी त्याने खोटी पाडली होती.

आपल्याकडे सुधारक गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' नावाने भाषांतर केलं, ते १८८३ मध्ये आलं. हॅम्लेट जीव का देत नाही? मेल्यावर काय होईल याच्या धाकाने, कारण त्या मुलखातून कोणी परतलेलं नाही. तेच निरीक्षण पायासीचं आहे. पायासी त्यातून 'तिथे काही नाही' असं काढतो आणि हॅम्लेट 'तिथे काहीही असू शकेल' असं काढतो.

या सगळ्या युक्तिवादाची खरी परीक्षा मला लाहोरच्या तुरुंगात झालेली दिसते. भगतसिंगांनी 'मी नास्तिक का आहे' हा निबंध ऑक्टोबर १९३० मध्ये लिहिला, फाशीची शिक्षा जाहीर झाली त्याच सुमारास. नास्तिकपणा ही तुझी घमेंड आहे, असं तुरुंगातल्या एका ज्येष्ठ सोबत्याने त्यांना सुनावलं होतं, त्याला हे उत्तर होतं. त्यात ते प्रांजळपणे लिहितात की श्रद्धा असती तर हे सोपं गेलं असतं. हिंदूला पुढच्या जन्मी राजा होण्याची आशा आहे, मुसलमानाला आणि ख्रिश्चनाला स्वर्गसुखाची आहे. आपल्यासाठी दोर गळ्यात पडला की तोच शेवट. तो दोर २३ मार्च १९३१ ला पडला. ह्यूमचं वय पासष्ट होतं, खायचं-प्यायचं झालं होतं. भगतसिंग तेवीस वर्षांचे होते. 'भीती नाही' हे शब्द दोघांसाठीही वापरता येतात, पण त्यांची किंमत सारखी कशी म्हणायची?

आणि इथे मला एपिक्युरसशी भांडायचं आहे. त्याचा युक्तिवाद नरकाची भीती पुसतो, यात शंका नाही. मला यमाच्या दरबाराची भीती वाटत नाही, रौरव नरकाची वाटत नाही. पण रात्री तीन वाजता जाग आली की 'मरण येतं तेव्हा मी नसतो' हा दिलासा न राहता नेमकी तीच तक्रार होते. फिलिप लार्किन हा इंग्रज कवी स्वतः श्रद्धाहीन होता. १९७७ च्या एका कवितेत त्याने हेच म्हटलं: काही जाणवणार नाही, याचंच तर भय. हे वाचल्यापासून मी निर्भय नास्तिकांच्या गोष्टी थोड्या जपून सांगतो.

शिवाय भीतीनेही घर बदललं आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला मेल्यानंतरची भीती होती. माझ्या बरोबरीचे लोक, देव मानणारे आणि न मानणारे दोघंही, मरण्याच्या प्रक्रियेला भितात: आयसीयू, नळ्या, बेशुद्धीतले महिने आणि बिल. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इच्छापत्र करून अशा उपचारांना आधीच नकार देण्याची मुभा दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. तेव्हा चौकशी करायला आलेल्या माझ्या ओळखीच्यांत माळ घातलेले दोन वारकरी होते.

मग परलोक न मानणाऱ्या या माणसांनी मरणाचं केलं काय? त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल वाचताना माझं लक्ष युक्तिवादावरून घसरून दुसरीकडेच जातं. एपिक्युरसने मृत्युपत्रात गुलाम मोकळे केले, मित्राच्या मागे राहिलेल्या मुलांच्या पोटापाण्याची तरतूद केली. ह्यूमने धर्मावरचा आपला हस्तलिखित ग्रंथ छापला जाईल याची तजवीज केली. तो १७७९ मध्ये आला. थडग्यावर फक्त नाव आणि साल घाला, हेही त्याने सांगून ठेवलं. आणि आगरकर. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली होती. पुढे दम्याने बेजार होऊन १७ जून १८९५ ला, चाळिशीही न गाठता ते गेले. त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली, असं सांगतात. तिच्यात त्यांनी आपल्या अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवले होते.

त्या पुरचुंडीबद्दल वाचलं तेव्हा मला घाटावरचा कावळा आठवला. थोरला मुलगा पिंडापुढे जे सांगतो, लग्न, कर्ज, आई, ते आगरकरांनी स्वतःच जाता जाता उरकायला घेतलं होतं.

गेल्या वर्षी मी देहदानाचा फॉर्म भरला. जवळच्या नातेवाइकाची सही लागते म्हणून धाकट्या बहिणीला बोलावलं. तिने चष्मा लावून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, सही केली आणि म्हणाली, "दादा, हे ठीक आहे. पण दहावं मी करणार हं, तू काही म्हण." मी म्हटलं, कर. चहा झाल्यावर तिला आतल्या खोलीत नेलं आणि कपाटात लॉकरची किल्ली कुठे असते ते दाखवलं.