आमच्या लोकांना चालणार नाही

एकाच गल्लीत, एकाच दिवशी, तीन चर्चची तीन आरोग्य शिबिरं. तीन मांडव, तीन ध्वनिक्षेपक, तीन फ्लेक्स. आणि आठवडा कोणता, तर १८ ते २५ जानेवारीचा ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताह! ज्यांनी हा सोहळा पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांना ऐकू आलाच असेल.

एक आजी तिन्ही मांडव फिरल्या. पहिल्यात रक्तदाब १५०, दुसऱ्यात १६०, तिसऱ्यात यंत्राचे सेल उतरलेले. कॅल्शियमच्या गोळ्यांची तीन पाकिटं मिळाली. डोळ्यांवर तीनदा बॅटरी मारून झाली आणि ‘मोतीबिंदू, शहरात दाखवणे’ अशा तीन चिठ्ठ्या पिशवीत पडल्या. शहरात न्यायला गाडी मात्र एकाही मांडवाबाहेर उभी नव्हती. तीन मांडवांचं भाडं एकत्र केलं असतं, तर जीपभर म्हातारी माणसं दवाखान्यात जाऊन आली असती. फ्लेक्सचा खर्च मी यात धरलेला नाही. 

तिन्हीकडच्या जबाबदार मंडळींना विचारलं, तिघांनी मिळून एकच शिबिर का नाही घेतलं? वरून परवानगी आली नाही, वेळ कमी पडला, ही किरकोळ कारणं सोडून देऊ. एक उत्तर मात्र तिन्हीकडे अगदी शब्दाला शब्द जुळलं: ‘आमची तयारी आहे हो, पण आमच्या लोकांना चालणार नाही.’ ऐक्य सप्ताहात साधलेलं ऐक्य ते एवढंच.

हे ‘आमचे लोक’ राहतात कुठं? मला तरी भेटले नाहीत. मला भेटले ते लोक नाताळच्या करंज्या तळायला एकमेकांच्या घरी जातात. त्यांच्यात कॅथलिक घरची लेक मेथडिस्ट घरात नांदते आणि दोन्हीकडचे व्याही एकाच पंगतीत बसतात. मयत झाली की खांदा द्यायला येणाऱ्याला कुणी विचारत नाही, तुझा बाप्तिस्मा कुठल्या देवळातला? परवा तिन्ही मांडवांना चहा एकाच घरातून, एकाच पातेल्यातून येत होता. गार होता, ही गोष्ट वेगळी. रेव्हरंड टिळकांची भजनं गाताना ती कुठल्या मिशनची, अशी चौकशी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. केली तर पंचाईतच होईल. खुद्द टिळक १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. त्यांच्या लोकांना चाललं असावं.

आणि हे लोक ‘आमचे’ झाले तरी कसे? आपापसात लठ्ठालठ्ठी नको म्हणून मिशनऱ्यांनी मुलूख वाटून घेतले. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापूर-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन, नागपुरात स्कॉटिश. पणजोबा नगरचे म्हणून आपण एका परंपरेचे. तेच मिरजेला जन्मले असते तर दुसऱ्या परंपरेसाठी तितक्याच हिरिरीनं भांडलो असतो. नकाशावरच्या रेघेचं वाटणीपत्र आपण श्रद्धा म्हणून देव्हाऱ्यात ठेवलंय.

लोकांच्या पदराआड लपणाऱ्यांनी २९ नोव्हेंबर १९७० हा दिवस आठवावा. आपल्याच नागपुरात, ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये, सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बोलणी १९२९ पासून चालली होती. चाळीस वर्षं! मुद्देही फ्लेक्सवरच्या नावांसारखे फुटकळ नव्हते. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की समज आल्यावर? बिशप असावा की नसावा? शेवटी बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती ठेवल्या. ज्यांच्याकडे बिशप नव्हते त्यांनी ते स्वीकारले. आणि निरनिराळ्या चर्चच्या धर्मसेवकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ज्यांना जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवायची सवय, त्यांनी त्या दिवशी स्वतःचं डोकं पुढं केलं. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले, हे खरं. पुढं मालमत्तेवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, हेही खरं. तरी चाळीस वर्षं एका टेबलाशी बसायला जी चिकाटी लागते, तिच्यातली चार आण्यांची चिकाटी आपल्याकडे असती, तर एक जीप नक्की ठरली असती.

माईकवरून स्वतःला ‘प्रभूचा क्षुद्र सेवक’ म्हणवणारे मला दर रविवारी भेटतात. पवित्र गुरुवारी बारा जणांचे पाय धुणारेही भेटतात. ते पाय घरूनच साबणानं धुऊन आलेले असतात. दुसऱ्या मंडळीच्या मांडवात जाऊन, आपलं नाव कुठंही नसताना, खुर्च्या उचलणारा पाळक किंवा फादर मला एकदा बघायचाय. नम्रतेवरचं त्याचं प्रवचन ऐकायला मी पहिल्या बाकावर बसेन. एरवी मी मागच्या बाकावरचा माणूस.

धर्मसिद्धान्त ज्याचे त्याने खुशाल जपावेत. प्रभुभोजनाचं कोडं रोम आणि जिनिव्हाला सुटेना, ते आपल्या तालुक्यात कुठून सुटणार? पण मोतीबिंदूला पंथ नसतो. एक गाडी, एक डॉक्टर, एक मांडव, इतकंच करा. घोडं जर कुणाचं नाव वर छापायचं यावरच अडत असेल, तर सरळ चिठ्ठ्या टाका. त्याला शास्त्राधार आहे. यहूदाची रिकामी जागा भरताना प्रेषितांनी दोन नावं पुढं ठेवून चिठ्ठ्याच टाकल्या होत्या. मत्थियाचं नाव निघालं, योसेफ बर्सबाचं राहिलं. त्यानंतर योसेफानं पलीकडच्या गल्लीत वेगळं चर्च काढलं, असं काही माझ्या वाचनात नाही.