गुळव्याची हाक

गुऱ्हाळघरात बोलणं कमी असतं. घाण्याची घरघर, काहिलीतल्या रसाचा खदखदाट आणि चुलवाणातला जाळ, यांच्यापुढे लांबलचक वाक्य टिकतच नाही. तरीही आठ-दहा माणसं तिथे तासन्‌तास एकमेकांच्या हाताला हात लावून राबतात, आणि प्रत्येकाचं काम दुसऱ्याच्या वेळेवर अडलेलं असतं. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ माती, पाणी आणि ऊस यांच्याइतकाच या मेळावर उभा आहे.

काहिलीत रस पडला की एक आदण सुरू होतं. रस तापताना रानभेंडीचं चिकट पाणी घालतात. त्यात गाळ गुरफटतो आणि मळी होऊन वर येते. ती वेळेवर काढली नाही तर पुन्हा रसात मिसळते आणि गुळाचा रंग जातो. पुढे रस आटतो, बुडबुडे जाड होतात, वास बदलतो. मग गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थेंबभर पाक गार पाण्यात सोडतो आणि बोटांत फिरवून पाहतो. गोळी वळली नाही तर गूळ पुढे पाघळणार. जास्तच कडक झाली तर करपण्याची भीती. तापमापक लावला तर हा क्षण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास सापडतो, पण बहुतेक ठिकाणी गुळव्याची बोटंच खरी मानतात. त्यानंतर जे व्हायचं ते पटापट व्हायला हवं: जाळ कमी, काहील खाली, पाक वाफ्यात, घोटणं, साच्यात भरणं. कुणी पाणी प्यायला गेलेला असला तर आदण त्याच्यासाठी थांबत नाही.

या साखळीत एक अडचण मुळातच आहे. चिपाडं सारणारा माणूस काहिलीपेक्षा खालच्या अंगाला, चुलवाणाच्या तोंडाशी बसतो. त्याला जाळ दिसतो, पाक दिसत नाही. गुळव्याला पाक दिसतो, जाळ नीट दिसत नाही. दोघांचं एकत्र ज्ञान म्हणजे गूळ, आणि ते जोडणारा दुवा एक हाक. वरून “जाळ कमी कर!” येतं, खालून “व्हय, केला!” जातं. हे उत्तर दिसायला फुटकळ आहे. पण ते आलं नाही तर गुळव्याला पुन्हा ओरडावं लागतं, कारण हाक मारली म्हणजे ती पोचली असं नसतं.

पोचपावतीचं हे मोल विमान वाहतुकीला फार महागात कळलं. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतल्या टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. डच विमानाच्या कप्तानाला वाटलं, उड्डाणाची परवानगी मिळाली आहे. ती मिळालेली नव्हती. मनोऱ्याशी झालेल्या बोलण्यातले शब्द दोन्ही अर्थांनी घेता येण्यासारखे होते. दुसरं विमान अजून धावपट्टीवरच असावं, अशी शंका डच विमानातल्याच अभियंत्याने बोलूनही दाखवली; अनुभवी कप्तानाने ती झटकून टाकली आणि पुन्हा कुणी विचारलं नाही. पुढे शब्द ठरवून घेण्यात आले. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, मिळालेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. कनिष्ठाने शंका कशी मांडावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकावी, याचंही प्रशिक्षण सुरू झालं.

यातला दुसरा भाग जास्त अवघड. शब्द ठरवता येतात, धीर ठरवून देता येत नाही. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधं देताना कमी चुका होत असतील, अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलट आले: ज्या गटांत संबंध चांगले, त्यांच्या नोंदींत चुका जास्त. उलगडा असा की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या पोटात राहत. गुऱ्हाळातही मळी काढणाऱ्या पोराला बुडाला लागल्याचा वास गुळव्याच्या आधी येऊ शकतो. तो बोलेल की नाही, हे गेल्या खेपेला बोलल्यावर त्याला काय ऐकावं लागलं यावर असतं.

मेळ असा नाजूक असतो, तरी माणसं वाढवली की काम वाढतं, हा समज सगळीकडे पक्का आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच शेतीतज्ज्ञाने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ते निष्कर्ष १९१३ साली छापून आले. एकटा माणूस जेवढा ओढतो, त्याच्या आठपट जोर आठ माणसं मिळून लावत नाहीत, बराच कमी लावतात. थोडं नुकसान एका लयीत न ओढल्यामुळे होतं, आणि थोडं, दुसरे आहेतच म्हणून हात सैल सोडल्यामुळे. हा दुसरा भाग पुढच्या संशोधकांनी वेगळा काढून दाखवला. गावाकडचा पैरा या दुखण्यावर आपोआप उतारा काढतो. आज याच्या रानात, उद्या त्याच्या रानात अशी कामाची फेड असल्यामुळे कुणी किती वाकला ते सगळ्यांना दिसतं, आणि हात सैल सोडणाऱ्याच्या रानात माणसंही तशीच वाकतात.

गुऱ्हाळात आणि पैऱ्यात माणसं एकमेकांना ओळखतात. अख्खं शहर एक गट होऊन वागायचं असेल तेव्हा ओळख पुरत नाही, खूण लागते. पावसाळ्यात कोल्हापूरला ती पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी मिळते: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी येतं म्हणजे आणखी किती वाढेल, हा हिशोब इथे रिक्षावालाही बोलता बोलता मांडतो. या दोन आकड्यांमुळे तहसीलदार, प्रयाग चिखलीचा शेतकरी आणि शाहूपुरीतला दुकानदार एकमेकांना न भेटता एकाच गोष्टीबद्दल बोलू शकतात. पाणी इशाऱ्याला टेकलं की चिखली-आंबेवाडीत जनावरं हलवायची तयारी लागते, दुकानातला माल वर चढतो.

पण आकडा एकच असला तरी तो मोजायची पट्टी प्रत्येकाच्या घरात वेगळी असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुष्कळ घरांची पट्टी २००५ च्या पुराची होती. भिंतीवर तेव्हाच्या पाण्याची रेघ होती, आणि त्यावर पाणी जाणार नाही असा हिशोब होता. इशारा सगळ्यांनी ऐकला होता. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि माळ्यावर नि गच्चीवर थांबलेल्या माणसांना बोटीतून काढावं लागलं. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ते ५६ फुटांपर्यंत चढलं. तेव्हा आकडे तेच होते, बंधारा तोच होता. भिंतीवरची रेघ तेवढी २०१९ ची होती, आणि ती पाहून अनेकांनी पाणी दारात येण्याआधीच घर सोडलं.